वरच्या कठड्यापासून खालच्या रानापर्यंत

मे महिना अर्ध्यावर आला की या बागेतला पिवळा अझेलिया फुलतो, आणि फुलं दिसायच्या आधी त्याचा वास येतो. आज सकाळी कार पार्कमध्ये गाडीचं दार उघडलं आणि तो आलाच. मधासारखा, पण आत कुठेतरी लवंगेचा तिखटपणा असलेला. मी दार तसंच उघडं ठेवून सीटवर बसून राहिलो. शेजारच्या गाडीतून एक कुटुंब उतरलं. मुलांनी वेलिंग्टन बूट चढवले, आजोबांनी बागेचा नकाशा उलटा धरला, आजीने तो सुलटा करून दिला, आणि सगळी हसत हसत फाटकाकडे गेली. मला उतरायची घाई नव्हती. आत माझी वाट पाहणारं कुणी नाही.

ब्रिस्टलहून दक्षिणेकडे निघालं की शहर संपतं तिथे ही टेकडी लागते. माथ्यावर जुनं घर आहे, मधाच्या रंगाच्या दगडाचं, साखरेच्या व्यापारात गबर झालेल्या कुणीतरी बांधलेलं. ती साखर गुलामांच्या हातांनी पिकवली हे आता दारातल्या एका पाटीवर लिहिलं आहे. पाटीसमोर लोक क्षणभर थांबतात, गंभीर होतात आणि मग बागेत जातात. मीही तसाच जातो. घर मी आतून कधी पाहिलेलं नाही.

टेरेस म्हटलं की मला अजून आधी गच्चीच आठवते, वाळत घातलेले कपडे आणि सांडगे आठवतात. इथल्या टेरेसेस म्हणजे उतार कापून, भिंती घालून केलेले सपाट टप्पे. मी जावळीच्या खोऱ्यातला. आमच्याकडे डोंगराच्या अंगावर भाताची खाचरं अशीच एकाखाली एक उतरत जातात, त्यामुळे पहिल्या दिवशी वरच्या कठड्यापाशी उभा राहिलो तेव्हा हे सगळं मला ओळखीचं वाटलं. फक्त इथे पिकवायचं काही नव्हतं. सगळ्यात वर दगडी फरसबंदी, कठडा, कठड्यावर शेवाळलेली दगडी कुंडं. मधोमध असलेल्या पायऱ्या उतरलं की दुसरा टप्पा, तिथे गुलाबांचे वाफे आणि त्यांच्याभोवती बॉक्स नावाच्या झुडपाचं गुडघ्याएवढं कुंपण. तिसऱ्या टप्प्यावर जायच्या पायऱ्या मात्र मधोमध नाहीत, त्या पार पूर्वेच्या टोकाला. म्हणजे खाली जायचं तर गुलाबांवरून चालत गेल्याशिवाय सुटका नाही. ज्याने हे आखलं त्याला माणसं घाईत असतात हे माहीत होतं.

तिसऱ्या टप्प्याखाली हिरवळ, आणि हिरवळ संपते तिथे खोल चर. घरातून पाहिलं तर तो दिसत नाही, हिरवळ सरळ मेंढ्यांच्या कुरणाला मिळाल्यासारखी वाटते. या चराला इंग्रज 'हा-हा' म्हणतात. चराच्या कडेने गेलं की छोटं लाकडी फाटक, आणि फाटकापलीकडे रान.

ज्या वसंतात मी इथे दर शनिवारी यायला लागलो, त्या वसंतात माझा संसार नुकताच मोडला होता. भांडण, आदळआपट असं काही झालं नाही. रीडिंगच्या घरात आम्ही दोघं आपापल्या लॅपटॉपसमोर बसत गेलो, आणि एक दिवस तिने शांतपणे सांगितलं, "श्रीधर, आपण एकमेकांना त्रास देत नाही, एवढंच उरलंय." कंपनीने ब्रिस्टलला बदली दिली तेव्हा मी हो म्हटलं. मुलगी, इरा, तेव्हा एडिनबरोला युनिव्हर्सिटीत. नव्या फ्लॅटमध्ये शनिवार उजाडला की दुपारपर्यंत काय करायचं हा प्रश्न समोर येऊन बसायचा. बाग हे त्याचं उत्तर नव्हतं, पण जायला एक जागा होती.

इराचा फोन आला तेव्हा मी वरच्या टेरेसवर होतो.

"बाबा, तू कुठे आहे? वारा खूप ऐकू येतो."

"एका बागेत आलोय."

"एकटा? तो बाग छान आहे?"

"ती बाग," मी म्हटलं.

"ओके, ती बाग. तू जेवला ना?"

जेवलो, असं खोटंच सांगून मी फोन ठेवला, तर बाजूच्या बाकावरून आवाज आला, "जेवले नाही ना तुम्ही?"

बाकावर एक बाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पिकलेले केस अगदी बारीक कापलेले, अंगात जांभळा रेनकोट, मांडीवर घडी घातलेली पांढरी काठी. बोलत माझ्याशी होत्या, पण पाहत होत्या माझ्या डाव्या खांद्यापलीकडच्या कुंडाकडे.

"बसा. कोणत्या गावचे?"

त्या नलिनीताई. मूळच्या नागपूरच्या, इथे आयुष्यभर मिडवाइफ म्हणून नोकरी केलेल्या. बोलण्यातलं नागपूर इतक्या वर्षांत गेलेलं नव्हतं, मध्येच एखादं 'काहून' निसटायचं. लग्न केलं नाही. "दुसऱ्यांच्या घरी इतके पाळणे हलवले, आपल्या घरी शांतता बरी वाटायची," असं म्हणत. दर एप्रिलला भीमजयंतीसाठी कॅमडेनच्या स्मारकघरी जायच्या, तिथे भाषणं ऐकायच्या आणि परतताना कोचमध्ये त्याच भाषणांवर टीका करायच्या. त्या वर्षी पहिल्यांदाच गेल्या नव्हत्या.

डब्यातला अर्धा पराठा माझ्या हातावर ठेवत त्यांनी सांगून टाकलं, "डोळ्यांचं मधलं गेलं माझ्या. कडेकडेचं राहिलं. तुमच्याकडे पाहायचं असलं तर मला त्या कुंडाकडे पाहावं लागते. तेव्हा तुम्ही थोडेसे दिसता. चेहरा नाही दिसत, आकार दिसतो."

मी काहीतरी सहानुभूतीचं बोलायला गेलो. त्यांनी ते मध्येच तोडलं.

"ते राहू द्या. तुमच्याकडे गाडी आहे का?"

ग्लासगोला त्यांचा पुतण्या राहायचा. चांगला होता, रोज फोन करायचा. आता एकटं राहणं बंद, आमच्याकडे या, असा त्याचा आग्रह होता, आणि शरद ऋतूत जायचं असं ठरलंही होतं. त्याआधी नलिनीताईंना एकच गोष्ट करायची होती. ही बाग, वरच्या कठड्यापासून खालच्या रानातल्या तळ्यापर्यंत आणि परत, एकटीने चालायची. कुणाचा हात न धरता.

"सुट्टीच्या दिवशी मी इथेच यायचे. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. तेव्हा बघत बघत चालले, पाठ करायची गरजच वाटली नाही. आता पाठ करायची आहे. दिसायचं पूर्ण बंद व्हायच्या आत."

"पण ताई, एकटीने कशाला? कुणीतरी बरोबर असलं तर…"

"आंधळं माणूस म्हणजे कुणाच्या तरी दंडाला धरलेलं माणूस, असं सगळ्यांना वाटते. मला एकदा तो दंड सोडून पाहायचा आहे. मग जिथे नेतील तिथे जाईन."

दर शनिवारी मी त्यांना गाडीतून आणू लागलो, आणि तिसऱ्या शनिवारपर्यंत मी 'तू' झालो होतो.

मी आधी सवयीप्रमाणे पावलं मोजायला सुचवलं. इंजिनिअरला दुसरं काय सुचणार? त्या हसल्या. "मोजणारी बाई नाही मी. बाळाचं डोकं कुठे आहे ते पोटावर हात ठेवून सांगायचे, फूटपट्टी लावून नाही." आणि त्या खरोखर तशाच शिकल्या. वरच्या टेरेसची फरसबंदी काठीला टणक लागते, दुसऱ्या टप्प्यावर बारीक खडी करकरते. बॉक्सच्या कुंपणाला ऊन लागलं की त्याला मांजराच्या मुतासारखा वास येतो, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि तेव्हापासून मला तो सगळीकडे येतो. पूर्वेच्या पायऱ्यांशी वारा अचानक बोचतो, कारण तिथे भिंत संपते. तिसऱ्या टप्प्याच्या भिंतीवर अंजिराचं झाड हात पसरून बांधलेलं आहे. त्या भिंतीला हात लावून चालायच्या, दगड दुपारपर्यंत कोमट झालेला असे. 'हा-हा'ची मला भीती वाटायची. त्यांना नाही. "कड कुठे आहे ते तर मला दिसते. माझं सगळं आता कडेलाच आहे."

रानात शिरलं की मात्र टेरेसवरचं हे गणित उपयोगाचं नव्हतं. फाटकापासून वाट उतरत जाते, खडी संपते, पायाखाली लाकडाचा भुसा येतो आणि स्वतःच्या पावलांचा आवाज नाहीसा होतो. एप्रिलअखेरीला ओहोळाच्या दोन्ही अंगांना रानलसूण पसरते आणि अख्खं रान फोडणीच्या तयारीत असल्यासारखं वास मारतं. मग बीच नावाच्या उंच झाडांखाली ब्लूबेलची फुलं येतात. इतकी निळी जमीन मी दुसरीकडे पाहिलेली नाही. नलिनीताई ती पाहायला मान वळवून भलतीकडेच, झाडाच्या शेंड्याकडे बघायच्या. "हां, आलं. निळं आलं," म्हणायच्या, आणि तशाच मान वाकडी करून बराच वेळ उभ्या राहायच्या. मी समोर सरळ पाहत असायचो, आणि कबूल करायला हवं, माझं मन तेव्हा रीडिंगच्या घरात कुठली खुर्ची कुठे असेल यात अडकलेलं असायचं.

हे रान आपोआप वाढलेलं नाही. हिमालयातून, चीनमधून आणलेले ऱ्होडोडेंड्रॉन, अमेरिकेतून आणलेला सिकोया, सगळं कुणीतरी नेमून लावलेलं. वाटेची वळणंसुद्धा अशी बेतलेली, की पुढे काय आहे ते एका वेळी थोडंच कळावं. टेरेसवर हिशेब उघड दिसतो, इथे तो झाडांमागे लपवलेला. इतक्या लांबून आणलेली ही झाडं इथली होऊन गेली आहेत, हे मला त्या दिवसांत दिलासा देणारं वाटायचं आणि थोडा रागही आणायचं. नलिनीताईंना मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "झाडाला कुणी विचारत नाही रे, तू मूळचा कुठला म्हणून. आपल्याला विचारतात. तेवढाच फरक."

सिकोयापाशी वाट फुटते. उजवीकडची तळ्याकडे जाते. डावीकडची जुन्या खाणीत उतरते, घरासाठी दगड काढला ती खाण. आता तिथे नेचे लावले आहेत, आणि तिन्ही बाजूंनी उंच, ओले दगड उभे आहेत. सिकोयाची साल मऊ असते, मूठ मारली तरी लागत नाही. नलिनीताई दर वेळी तिथे थांबून झाडाला एक ठोसा द्यायच्या, मग उजवा हात पुढे करून तळ्याची वाट धरायच्या.

मेच्या मध्यावर, अझेलिया असाच फुललेला असताना, त्यांनी ठरवलं की आज करून पाहायचं. मी आधीच पुढे जाऊन तळ्यावरच्या पुलाशी थांबायचं, त्या फाटकापासून एकट्या येणार.

"आणि हाक मारायची नाही," त्यांनी बजावलं.

मी पुलावर उभा राहिलो. पाण्यावर लाल पाकळ्या तरंगत होत्या. एक जोडपं कुत्रा घेऊन गेलं, नंतर कुणीच नाही. यायला हवं होतं तेवढा वेळ झाला, मग त्याहून जास्त झाला. झाडांमध्ये कुठे जांभळा रेनकोट दिसेना. मला राहवलं नाही.

"ताई!" मी ओरडलो. "ताई, इकडे!"

उत्तर नाही. मी परत परत हाका मारल्या आणि मग धावत वर निघालो. त्या मला खाणीत सापडल्या. नेच्यांमध्ये, ओल्या जमिनीवर बसलेल्या, तळहात सोलवटलेला, काठी बाजूला पडलेली. मी हात धरून उठवायला गेलो, तर त्यांनी माझा हात झटकला.

"काहून ओरडलास?"

"उशीर झाला म्हणून. मला वाटलं…"

"मी बरोबर वाटेवर होते! जरा थांबले होते, वास घेत. तू ओरडलास आणि आवाज इकडून आला. या दगडांवरून आला. मला वाटलं माझं चुकलं, म्हणून मी आवाजाकडे वळले." त्यांनी काठी चाचपून जवळ ओढली. "माझ्या पायांना माहीत होतं रे. मी पायांचं ऐकायचं सोडून तुझं ऐकलं."

मी त्यांच्या शेजारी तसाच चिखलात बसलो. वरून थेंब गळत होते. मला वाटलं होतं त्या मला इथून हाकलून देतील. पण थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तू घाबरलास ना?"

"हो."

"माझ्यासाठी की स्वतःसाठी?"

मी रुमाल ओला करून त्यांचा तळहात पुसला. त्यांनी तो पुसू दिला. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी घाबरणारं माणूस मला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. पुतण्या आहे, पण तो फोनवर घाबरतो." आणि हसल्या. आम्ही वर आलो तेव्हा टी-रूम बंद व्हायला आली होती. तिथल्या मुलीने आमचे चिखलाने भरलेले कपडे पाहिले आणि न मागता दोन मोठे कप चहा आणून ठेवला.

त्यानंतरचे शनिवार मला सगळ्यात स्पष्ट आठवतात, आणि त्यांत घडलं असं काहीच नाही. आम्ही चालत होतो. आधी त्या माझ्या दंडाला धरून, मग बाही धरून, मग नुसत्या शेजारून, मग मी मागे आणि त्या पुढे. मी बोलायचोही कमी. रीडिंगबद्दल त्यांनी एकदाच विचारलं. मी सांगितलं तेवढं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला नाही. आठवडाभर मी ऑफिसमध्ये कुणाशी कामापलीकडचं अक्षरही बोललेलो नसायचो. शुक्रवारी संध्याकाळी मी पराठ्यांचं पीठ मळून ठेवायचो. शनिवारी डबा मी न्यायचा हे कधी ठरलं, आठवत नाही.

जूनच्या सुरुवातीला, अझेलिया संपून वाटेवर तपकिरी पाकळ्यांचा चिखल झाला होता तेव्हा, त्या माझ्या पुढे चालत फाटकापासून तळ्यापर्यंत आणि तिथून सगळे टप्पे चढून वरच्या कठड्यापर्यंत आल्या. मी बराच मागे होतो, एक शब्द बोललो नाही. कठड्याला हात टेकून त्या धापा टाकत होत्या, चेहरा लाल झाला होता.

"जमलं ताई!"

"जमलं." त्यांनी माझ्या पलीकडच्या आभाळाकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. "आता पुढच्या शनिवारी तू येऊ नकोस हं. मी बसने येईन. तू मागे आहेस हे कळते मला. तू मागे आहेस तोवर ते एकटीचं होत नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

बरोबरच होतं. याचसाठी तर सगळं चाललं होतं. तरी घरी आल्यावर मला कळलं की त्यांना या बागेत जितकी माझी गरज होती, त्याहून मला त्यांची जास्त होती. आता त्यांची भागली होती.

त्या शनिवारी न जाण्याचा मी प्रयत्न केला. कपडे धुतले, लायब्ररीत जाऊन आलो. अकराच्या सुमाराला मी गाडीत होतो. आत शिरलो तो मागच्या फाटकाने, आणि थेट रानात, बीचच्या झाडांखाली जाऊन उभा राहिलो. काय करायचं होतं मला? माहीत नाही. फक्त बघायचं होतं, एवढंच म्हणता येईल.

त्या आल्या. जांभळा रेनकोट नव्हता, उन्हामुळे पांढरा सुती शर्ट होता. काठी भुशावर हलकेच फिरत होती. चेहरा असा होता, की मी तो आधी पाहिलेलाच नव्हता. माझ्याबरोबर असताना तो कधी तसा नव्हता. कुणाशी बोलावं लागत नसलेला, कुणाचं ऐकावं लागत नसलेला, पूर्ण आपल्यातच असलेला. स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. मी वाटेवरच उभा होतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी दोन पावलं मागे सरून झाडाला टेकलो. त्यांना कडेने आकार दिसला असणार, कारण त्या जरा थबकल्या, मान विरुद्ध बाजूला वळवली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या,

"गुड मॉर्निंग! लव्हली डे, इझन्ट इट?"

अनोळखी माणसाला म्हणतात तसं. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी मला एका अक्षरात ओळखलं असतं. मी श्वाससुद्धा धरून ठेवला. त्या क्षणभर वाट पाहून पुढे गेल्या. सिकोयापाशी थांबल्या, झाडाला ठोसा दिला, आणि उजवीकडे वळून दिसेनाशा झाल्या. त्या तळ्यापर्यंत पोचल्या की नाही हे पाहायला मी गेलो नाही. आलो तसा मागच्या फाटकाने परत निघालो.

सप्टेंबरच्या शेवटी पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. आता रविवारी फोन होतो, कधी होत नाही. कडेकडेचंही आता अंधुक झालंय म्हणतात. ग्लासगोच्या घराजवळ पार्क आहे, पण सपाट आहे, त्यात काही मजा नाही, अशी तक्रार असते. इरा नोकरीला लागली आहे. 'ती बाग' असं बरोबर म्हणते, आणि येईन येईन म्हणते. मी टेरेसेस उतरतो, पूर्वेच्या पायऱ्यांशी वारा लागतो, रानात शिरतो. आज ब्लूबेल संपत आले होते. कुणाची तरी मुलं ओहोळात काठ्या सोडत होती.

पण त्या शनिवारची गोष्ट अर्धीच सांगितली. संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. मी स्वयंपाकघरात उभा होतो.

"जय भीम, श्रीधर. झालं बरं का! पूर्ण. एकटीने."

"वा ताई! काही अडचण?"

"अडचण काय येणार? मस्त ऊन होतं. हां, रानात एक माणूस भेटला. उंच होता. गोराच असणार. मी गुड मॉर्निंग म्हटलं, तर या बाबाने तोंडसुद्धा उघडलं नाही."

"असतात अशी माणसं," मी म्हटलं.

पलीकडे कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "पण वाटेतून बाजूला झाला हो. मला जाऊ दिलं. तेवढं कळलं त्याला."

मग पराठ्यांबद्दल काहीतरी बोलणं झालं आणि त्यांनी फोन ठेवला. मी खिडकीशी गेलो. जूनमध्ये इथे संध्याकाळ संपता संपत नाही. समोरच्या घरांच्या छपरांवर अजून ऊन होतं, खाली कुणीतरी गवत कापत होतं, आणि मी तो उजेड जाईपर्यंत तिथेच उभा होतो.